गुदाम बदलावे, पण मोजून

गुदाम बदलताना थप्पी मोजावी, पोत्यांवर खूण करावी, तोल लिहून ठेवावा, नव्या जागी पुन्हा मोजून माल उतरवावा आणि मोजणी जुळल्यावाचून जुन्या गुदामाची किल्ली परत करू नये, हे धान्याच्या व्यापाऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु आपले हिशेब एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना मात्र आम्ही व्यापारी सारा विवेक तंत्रज्ञाच्या हवाली करून स्वस्थ बसतो. याविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमच्याच पेढीचा अनुभव सांगतो. जुना संगणक थकला म्हणून नवा घेतला. एका रात्रीत सारी माहिती हलली. सकाळी शिल्लक जुळली आणि आम्ही समाधानाने जुने यंत्र भंगारात दिले. चार महिन्यांनी मागील सालच्या वजनपावत्या पाहण्याची वेळ आली, तेव्हा कळले की पावत्यांची नावे तेवढी आली आहेत, आत कागद नाही. आम्ही पोती मोजली होती; पोत्यांत धान्य आहे की नाही हे पाहिले नव्हते. दोष आमचाच. वस्तू व सेवा कर कायद्यान्वये हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. तेव्हा ही हानी केवळ मनस्तापाची नव्हे.

मोठ्या संस्था हे काम कसे करतात, याचे उदाहरण बडोद्यातच आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने १९०८ साली येथे स्थापन झालेल्या बँक ऑफ बडोदामध्ये १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक व देना बँक विलीन झाल्या. पाटी एका दिवसात बदलते. खाती तशी हलत नाहीत. विजया बँकेच्या २,१२८ शाखांचे एकत्रीकरण सप्टेंबर २०२० मध्ये, तर देना बँकेच्या १,७७० शाखांचे डिसेंबर २०२० मध्ये पुरे झाले. जुने आयएफएससी क्रमांक १ मार्च २०२१ पासून बंद झाले. नवे घर लागेतो जुने दार उघडे राहिले. याउलट विलायतेतील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एकाच शनिवार-रविवारी सुमारे ५२ लाख ग्राहकांचा कारभार नव्या यंत्रणेवर नेला. माहिती पोचली, पण यंत्रणा कोलमडली; डिसेंबर २०२२ मध्ये तिला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झाला.

आपल्या समाजास तर ही शिस्त नवी नाही. पाटणच्या ज्ञानभांडारांतील ताडपत्री पोथ्यांची सूची गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने १९३७ साली बडोद्यात प्रसिद्ध केली; पुढे १९३९ साली हेमचंद्राचार्य ज्ञानमंदिर उघडले आणि निरनिराळ्या भांडारांतील पोथ्या तेथे एकत्र आल्या. आधी यादी, मग स्थलांतर, हाच क्रम योग्य होय.

म्हणून सभासद बंधूंस आमची विनंती आहे. प्रथम काय न्यावयाचे याची यादी करावी. नवी जागा आजच्या मापाने नव्हे, पुढील पाच वर्षांच्या आवकीच्या मापाने घ्यावी. एखाद्या लहान खात्याची रंगीत तालीम करून किती वेळ लागतो ते पाहावे. मोठा साठा व्यवहार चालू असतानाच आधी हलवावा. मग व्यवहार थांबवून मधल्या काळातील फेरफार तेवढे न्यावेत. हे काम गव्हाच्या हंगामात काढू नये. प्रत्येक फाइलीची चेकसम नावाची अंकखूण दोन्हीकडे काढून ताडून घ्यावी, आणि निवडक कागद मुनिमाने स्वतः उघडून पाहावेत. काही बिघडल्यास मागे कसे फिरावयाचे, हेही आधीच लिहून ठेवावे.

यात खर्च वाढतो, असे काहीजण म्हणतील. वाढतो खरा, दोन गुदामांचे भाडे महिनाभर भरावेच लागते. पण भाडे वाचविण्यासाठी माल रस्त्यावर ठेवणारा व्यापारी आम्ही अद्याप पाहिलेला नाही. जुने यंत्र केव्हा सोडावयाचे, हा निर्णय तंत्रज्ञाचा नसून मालकाचा आहे. त्याने तो लेखी द्यावा.

ज्ञानपंचमीस पोथ्या बाहेर काढून झाडण्याची आपली परंपरा आहे. त्याच दिवशी प्रत्येक पेढीने एखाद्या जुन्या सालाचा हिशेब उघडून पाहावा, असा ठराव मंडळाने करावा, ही आमची नम्र सूचना आहे. जय जिनेंद्र.