कोळशाची गाळणी आणि पाण्यांतील प्राणवायु

गांवच्या पाण्याकरितां कोळशाची गाळणी घ्यावयाची म्हटली कीं विक्रेता एक आंकडा पुढें करतो: अमुक वजनाचा कोळसा अमुक इतकी घाण धरून ठेवील. आमचें म्हणणें असें कीं, तो आंकडा कोणत्या पाण्यावर काढला हें विचारल्यावांचून पैसा मोजूं नये.

सक्रिय कोळसा म्हणजे चुलींतला कोळसा नव्हे. करवंटीचा कोळसा ८०० ते १,००० अंश उष्णतेंत वाफेवर तापविला म्हणजे त्यांत असंख्य सूक्ष्म छिद्रें पडतात, आणि एका ग्रॅमाचें आंतील क्षेत्र सुमारें १,००० चौरस मीटर भरतें. म्हणजे जवळजवळ दहा गुंठे! पाण्यांतील मळ या पृष्ठभागास चिकटतो. परंतु १९९० च्या सुमारास अमेरिकेंतील सिनसिनाटी विद्यापीठांत विडिक व सुइदान यांनीं दाखविलें कीं, पाण्यांत विरघळलेला प्राणवायु असल्यास तोच कोळसा क्रेसॉलसारखीं फिनॉलच्या जातीचीं द्रव्यें पुष्कळ अधिक धरतो. प्राणवायूच्या योगानें या द्रव्यांचे कण कोळशावर एकमेकांशीं जोडले जातात व तेथेंच जखडतात. सर्वच द्रव्यांस हें लागू नाहीं. पण कारखान्याच्या सांडपाण्यांतून फिनॉल येतें, आणि ज्या पाण्यांत ब्लीचिंग पावडर टाकतांच औषधासारखा दर्प सुटतो, त्याविषयीं तसा संशय घ्यावा. आतां प्रयोगशाळेंतील बाटलींत हवा असते. खोल बोअरच्या पाण्यांत ती बहुधा फार थोडी. तेव्हां कागदावरचा आंकडा आपल्या गाळणींत उतरेलच असें समजणें भोळेपणाचें होय.

मग पाणी दगडी पायऱ्यांवरून पाडून त्यांत हवा मिसळावी काय? जेथें कोळसा एकदां भरला कीं टाकून द्यावयाचा, तेथें मिसळावी असें आमचें मत आहे. मात्र लोहयुक्त पाण्यास हवा लागतांच तांबूस गाळ धरतो. तो आधीं निवळूं द्यावा, नाहींतर गाळणी तुंबेल. जेथें कोळसा पुन्हां ताजा करून देण्याचा करार आहे, तेथें अडचण निराळी. जखडलेलें द्रव्य सहज सुटत नाहीं, म्हणून कोळसा प्रत्येक खेपेस पहिल्याइतकाच काम देईल असें धरून करारावर सही करूं नये. शिवाय हवा असलेल्या कोळशाच्या थरांत जंतु वाढतात. गाळलेलें पाणी निर्जंतुक केल्याविना पिऊं नये.

खतांतून विहिरींत उतरणारें नायट्रेट मात्र या गाळणीनें जात नाहीं, मग पाण्यांत हवा असो वा नसो. ज्यांच्या विहिरी भर उसाच्या मळ्यांत आहेत, त्यांनीं कोळशाचा भाव विचारण्यापूर्वीं पाणी तपासून घ्यावें.