जातिवंत : एका विशेषणाची वंशावळ

काही वर्षांपूर्वी बल्लारपूरहून फार दूर नसलेल्या एका गावी भरलेल्या चर्चासत्रात आम्ही श्रोते म्हणून बसलो होतो. विषय विदर्भातील कवितेचा होता. समारोप करताना एका ज्येष्ठ वक्त्यांनी असे मत मांडले, की या जंगलपट्ट्यात लिहिणारे पुष्कळ झाले, पण ‘जातिवंत कवी’ म्हणावा असा एकही निपजला नाही. मागच्या रांगेतला सिरोंच्याकडचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि त्याने विचारले, ‘‘सर, जातिवंत कवी म्हणजे कसा?’’ सभागृहात हशा पिकला. वक्तेही हसले आणि म्हणाले, ‘‘जातिवंत घोडा कसा ओळखतात? पाहताक्षणी कळतो. तसाच.’’ टाळ्या पडल्या, आणि मंडळी चहाला उठली.

प्रश्न मात्र तिथेच राहिला. समीक्षेच्या पुस्तकांत, प्रस्तावनांत, पुरस्कारांच्या मानपत्रांत आणि श्रद्धांजलीच्या लेखांत हे विशेषण आपण इतके सैल हाताने वापरतो, की त्याचा अर्थ कोणी विचारला तर विचारणाराच अडाणी ठरतो. आम्ही त्या विद्यार्थ्याच्या बाजूने उभे आहोत. आणि उपमा वक्त्यांनीच दिलेली असल्यामुळे आरंभ घोड्यापासून करणेच न्याय्य होईल.

इंग्रज ज्याला थरोब्रेड म्हणतात आणि मराठीत ज्याला आपण जातिवंत म्हणतो, त्या शर्यतीच्या घोड्याची नरवंशावळ तीन घोड्यांपाशी जाऊन थांबते : बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. तिघेही सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या काळात इंग्लंडात आलेले पूर्वेकडचे घोडे. डार्ली अरेबियन १७०४ साली अलेप्पोहून आला. म्हणजे इंग्रजी शुद्धतेचा हा परमोच्च नमुना मुळात आयात घोडे आणि तिथल्या घोड्या यांचा संकर होता. १७९१ साली जेम्स वेदरबी यांनी ‘जनरल स्टड बुक’चा प्रारंभिक खंड काढला. पुढे ज्याचे आईबाप त्या वहीत तो शुद्ध, आणि ज्याचे नाहीत तो अशुद्ध, असा दंडक पडला. रक्त कालच्याइतकेच मिश्र होते. शुद्ध झाली ती नोंद.

या वहीचा अहंकार किती टोकाला जाऊ शकतो, हे १९१३ साली दिसले. ज्या अमेरिकन घोड्यांची सगळी वंशावळ या वहीतल्या नावांपर्यंत नेता येत नव्हती, त्यांना दार बंद करणारा नियम त्या वर्षी झाला. ‘जर्सी ॲक्ट’ या नावाने तो ओळखला गेला. पुढे ज्यांना वहीने बाटगे ठरवले होते, त्यांच्याच वंशातले घोडे इंग्लंडातल्या मोठ्या शर्यती जिंकू लागले, आणि १९४९ साली नियम गुंडाळावा लागला. सर्वांत मोठा विनोद तर २०१२ साली घडला. थरोब्रेडच्या वेगाशी निगडित असलेल्या जनुकाच्या एका रूपाचा माग काढताना संशोधकांना असे आढळले, की ते रूप सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या एका स्थानिक ब्रिटिश घोडीकडून आले असावे. दोनशे वर्षे पूजा झाली ती नरांच्या नावांची, आणि पळण्याची देणगी दिली ती एका निनावी गावरान घोडीने. ‘पाहताक्षणी कळतो’ म्हणणाऱ्यांनी या घोडीपुढे क्षणभर उभे राहावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

आता हे शास्त्र आपल्या देशात कसे आले ते पाहू. ईस्ट इंडिया कंपनीला फौजेसाठी घोडे हवे होते. त्यासाठी तिने बिहारात पुसा येथे पैदास केंद्र चालवले. १८०८ पासून त्याचा कारभार पाहणारा विल्यम मूरक्रॉफ्ट उत्तम बीजाच्या शोधात हिमालय ओलांडून थेट बुखाऱ्यापर्यंत गेला, आणि १८२५ साली परतीच्या वाटेवर मेला. दख्खनमध्येही भीमेकाठी आळेगावला असे केंद्र निघाले होते, तेही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच बंद पडले. १८७०च्या दशकात धोरण बदलले. मोठी केंद्रे मोडून सरकारने पैदाशीचे घोडे जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवायला सुरुवात केली. त्यांत इंग्रजी थरोब्रेड होते, नॉरफोक ट्रॉटर होते, अरबीही होते. रयतेने आपली घोडी आणून दाखवायची, अधिकाऱ्याने ती तपासायची, पसंत पडली तर तिला डाग द्यायचा, आणि मग सरकारी घोडा तिला फुकट मिळायचा. शिंगरू चांगले निघाले तर फौजेचा खरेदीदार हजर होताच. या योजनेची दुसरी बाजूही होती. गावातले जे नर घोडे नापसंत, ते खच्ची करण्याचा आग्रह धरला जाई. ‘खच्चीकरण’ हा शब्द आज आपण फक्त मनाच्या बाबतीत वापरतो. तो तबेल्यातून आलेला आहे, याचा विसर पडू नये.

औदार्य दिसायला मोठे होते. पण निदानातच खोट होती. दख्खनचा घोडा म्हणजे भीमथडीचा तट्टू : अंगाने लहान, चिवट, कमी चंदीवर लांबचा पल्ला मारणारा. त्याच्याही रक्तात अरबी अंश होता. मराठ्यांच्या शिलेदारांनी आणि बारगिरांनी ज्या घोड्यांवर बसून मोगलांना जेरीस आणले, ते हेच. १८१८ साली पेशवाई बुडाली, पागा मोडल्या, शिलेदार शेतीला लागले किंवा देशोधडीला. चांगली घोडी बाळगून तिच्या शिंगरांवर पोट भरावे, असे गिऱ्हाइकच उरले नाही. ज्या राज्याने हा बाजार मोडला, त्याच राज्याने पुढे घोड्याची तपासणी केली आणि शेरा मारला : रक्त कमी प्रतीचे. उपाय काय, तर वरून आणलेले बीज. पागा मोडल्याचा उल्लेख त्या निदानात आला असता, तर दोष घोडीकडून सरकारकडे गेला असता.

भीमथडीचा घोडा तरीही टिकला. तो सरकारी डागामुळे टिकला नाही. धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालत राहिला म्हणून टिकला. अगदी अलीकडे देशी जातींच्या अधिकृत नोंदणीत त्याला जागा मिळाली, याचा आम्हांला आनंद आहे. मात्र आता त्याच्याही शुद्धतेच्या वह्या निघतील आणि त्याच्याही नावाने कोणाला तरी बाटगे ठरवले जाईल, ही भीती त्या आनंदाला लागून आहेच.

‘हे सगळे घोड्यांचे झाले, कवितेशी याचा संबंध काय?’ असे कोणी विचारील. संबंध आम्ही जोडलेला नाही. तो १८६९ साली फ्रान्सिस गाल्टन याने जोडला. ‘हेरेडिटरी जीनिअस’ या ग्रंथाच्या आरंभीच तो म्हणतो, की निवड करून पळण्यात तरबेज कुत्री-घोडी निपजवता येतात, तशीच विवाहांची निवड करून बुद्धिमान माणसेही निपजवता येतील. त्या ग्रंथात न्यायाधीश आहेत, सेनापती आहेत, आणि कवींवर स्वतंत्र प्रकरण आहे. युजेनिक्स हा शब्दही पुढे १८८३ साली त्यानेच घडवला. इकडे हिंदुस्थानात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि माणसे जन्मानेच गुन्हेगार म्हणून वहीत चढली. ज्या दशकात सरकारी घोडे जिल्ह्यांत आले, ते हेच दशक. एका वहीत वरचे रक्त, दुसऱ्या वहीत खालचे. लेखणी एकच.

आमच्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना किपलिंगची ‘किम’ ही १९०१ची कादंबरी ठाऊक असते. तिच्यात घोड्यांचा व्यापारी महबूब अली किमच्या हाती अंबाल्याच्या इंग्रज अधिकाऱ्यासाठी एक निरोप देतो : एका पांढऱ्या घोड्याची वंशावळ पक्की झाल्याचा. निरोप सांकेतिक असतो. त्यामागे सरहद्दीपलीकडच्या राजांच्या हालचालींची बातमी असते, आणि तो पोहोचताच फौज हलते. वर्गात आम्ही हा प्रसंग हेरकथेची गंमत म्हणून शिकवतो. पण घोड्याच्या वंशावळीआड सत्तेचा हुकूम लपवता येतो, आणि तो कोणाला खटकतही नाही, हे किपलिंगला आपल्या समीक्षकांहून अधिक नेमके कळले होते, असे म्हणणे भाग आहे.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की हा शब्द साहेबाच्या आधीचा आहे. मान्य. संस्कृतात उत्तम कुळीच्या घोड्याला ‘आजानेय’ म्हणत, आणि शालिहोत्राची परंपरा वेदरबीच्या वहीहून कितीतरी जुनी आहे. सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारून मोकळे होण्याची आमची इच्छा नाही. उलट, जन्मावरून गुण ठरवण्याचा सराव इथे आधीच होता, म्हणून ती वही इथे परकी वाटली नाही. जातिव्यवस्थेला शास्त्राचा शिक्का मिळाला, आणि आपल्या अभिरुचीला एक गोंडस विशेषण.

दुसरा आक्षेप तुकोबांचा आधार घेऊन येईल, कारण त्यांच्या अभंगातही ‘जातीचे’ हा शब्द आहे आणि तो वक्त्यांच्या तोंडी सतत असतो. आमचे म्हणणे असे, की तुकोबांचा कस करणीचा आहे. काम अंगावर पडल्यावर कोण टिकतो, एवढेच ते पाहतात. त्यांना स्वतःला मात्र कोणता कस लावला गेला? वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्याची कथा परंपरा सांगते. ती कथा कवितेच्या दर्जाची नाही, कवीच्या जन्माची आहे. ज्यांच्या लेखी तुकोबा जातिवंत नव्हते, त्यांचेच विशेषण तुकोबांच्या नावाने चालवणे, हा उफराटा न्याय झाला.

आता पुन्हा आमच्या पट्ट्याकडे येऊ. बल्लारपूर ही गोंड राजांची जुनी राजधानी. वर्धेकाठचा किल्ला अजून उभा आहे. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, त्याबरोबर चांदाही इंग्रजांकडे गेला. १८५८ साली बाबुराव शेडमाके यांना चांद्यात फाशी दिली गेली. पुढे सागवान मोजले गेले, कोळसा मोजला गेला, आणि माणसेही जमातींच्या ग्रंथांत मोजली गेली. घोड्यांच्या पैदाशीसाठी हा मुलूख प्रसिद्ध नव्हता. इथे गोंडांच्या देवापुढे मातीचे घोडे वाहिले जातात. कुंभाराने घडवावा, देवाला पोहोचवावा, पावसात विरघळला तर पुन्हा नवा करावा. त्याची वंशावळ कोणी विचारत नाही. देव तर मुळीच नाही.

या मुलखात घरी गोंडी, माडिया किंवा तेलुगू, बाजारात आणखी एखादी भाषा आणि शाळेत मराठी, असे वाढलेले मूल कवितेकडे येते. २०११च्या जनगणनेत गोंडीभाषकांची संख्या सुमारे ३० लाख होती. तरी ती भाषा आठव्या अनुसूचीत नाही, शाळेत अपवादानेच आहे, आणि तिच्यातले छापलेले पुस्तक शोधूनच काढावे लागते. बांबू इथल्या जंगलातला, कागद बल्लारपूरच्या गिरणीतला, पण त्या कागदावर इथली भाषा क्वचितच उमटते. वाचक, शाळा, प्रकाशक यांतले काहीच मिळू द्यायचे नाही, आणि मग म्हणायचे, की जातिवंत कवी निपजला नाही. पागा मोडून रक्ताला नावे ठेवण्याचा हाच तो प्रकार. भुजंग मेश्राम यांच्या ‘उलगुलान’ने मराठीत गोंडी शब्द आणले, तेव्हा त्या मिसळणीने मराठी कवितेचा पल्ला वाढला. शुद्ध वहीत ती नोंद कुठे करणार?

आमची मागणी साधी आहे. हे विशेषण समीक्षेतून काढून टाकावे. ‘जातिवंत’ लिहावेसे वाटेल तिथे समीक्षकाने थांबावे आणि स्वतःला विचारावे, की मला नेमके काय आवडले? लय? शब्दांची काटकसर? अनुभवाला भिडण्याचे धैर्य? जे आवडले ते लिहावे, आणि कवितेतून दाखवून द्यावे. ते दाखवता येत नसेल, तर आपण कविता वाचलेली नाही, केवळ कवीचा डाग तपासला आहे, हे प्रामाणिकपणे कबूल करावे.

त्या दिवशी चहाच्या वेळी आम्ही त्या विद्यार्थ्याला शोधले. तो शेवटच्या गाडीसाठी निघून गेला होता. त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे हे वक्त्यांचे काम होते. ते आमचेही होते, आणि आम्ही त्या हशात गप्प बसलो होतो.