थायरॉइडची तपासणी गर्भधारणेआधीच हवी

देशातील आठ शहरांतील सर्वेक्षणात (२०१३) सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइडची कार्यन्यूनता आढळली; स्त्रियांमध्ये प्रमाण अधिक होते. तरीही मूल होत नसलेल्या स्त्रीच्या वाट्याला आधी नवस, उपास आणि टोमणे येतात; रक्ततपासणी मागाहून.

यातील कार्यकारणभाव गूढ नाही. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले, की मेंदू ग्रंथीला चेतवणारा संदेश वाढवतो. त्याच संदेशाने प्रोलॅक्टिनही वाढू शकते आणि बीजोत्सर्ग अडखळतो. गर्भ राहिला, तरी पहिल्या तिमाहीत त्याच्या मेंदूची वाढ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांचा भर जोखीम असलेल्या गर्भवतींच्या तपासणीवर आहे. परंतु अनेकींची नोंदणी होईपर्यंत निर्णायक आठवडे सरलेले असतात. म्हणून टीएसएच तपासणी अपत्याचा विचार सुरू होताच व्हावी. गोळी आधीच सुरू असलेल्या स्त्रीने गर्भ राहताच डॉक्टरांना भेटावे. बहुधा मात्रा वाढवावी लागते.

मात्र सरसकट गोळ्या हाही उपाय नव्हे. संप्रेरके सामान्य, पण थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांवरील ब्रिटनमधील चाचणीत (२०१९) लेव्होथायरॉक्सिनने अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही.

गलगंडाला या देशाने १९६२ मध्येच राष्ट्रीय कार्यक्रमाचा विषय मानले आणि आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोहोचवले. त्याच ग्रंथीपायी रिकामा राहिलेला पाळणा मात्र अजून स्त्रीच्या दैवाच्या खाती मांडला जातो. ते खाते आता सार्वजनिक आरोग्याकडे वळवले पाहिजे.