पराभवाची गुंतवणूक

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये तळाच्या संघांना नवे खेळाडू निवडताना अग्रक्रम मिळतो. दुर्बलांना हात देण्यासाठी केलेल्या या नियमाने पराभवालाच मोल आणले. खेळाडू मुद्दाम हरत नाहीत. व्यवस्थापनच दुबळा संघ मैदानात उतरवते.

फिलाडेल्फियाच्या संघाने २०१३ पासून हाच मार्ग धरला आणि तीन हंगामांतील २४६ सामन्यांपैकी अवघे ४७ जिंकले. एम्बीड व सिमन्स हे गुणी खेळाडू त्यातून लाभले, हे मान्य. परंतु २०२५ पर्यंत हा संघ बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यापलीकडे गेला नाही. उलटपक्षी, सॅन अँटोनिओने १९९७ मध्ये टिम डंकनला निवडले आणि पुढे पाच विजेतेपदे मिळवली. पण तेथे डेव्हिड रॉबिन्सनसारखा अनुभवी आधार आधीपासून होता. सोडतीतून खेळाडू मिळतो. संघ घडवावा लागतो.

२०१९ मध्ये तळाच्या संघाची पहिल्या निवडीची शक्यता २५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आणली गेली, हे योग्यच झाले. तिकिटाचे दाम मोजणाऱ्या प्रेक्षकाला निकालाची हमी नको असते. प्रामाणिक झुंजीची मात्र हवी असते. तीच नाकारणाऱ्या संघाने उद्याच्या विजयाचा वायदा कोणत्या तोंडाने करावा?