वरून चकचकीत, आतून ओले

वसईच्या खाडीकाठी आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर लाकडी होडीवर फायबरचा थर चढवणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. चांगले लाकूड महाग, होडी बांधणारा सुतार मिळेनासा. म्हणून लहान होडी घरच्या घरी प्लायवूडची बांधायची आणि तिला काचेचे कापड व इपॉक्सी लावायचे, हा हिशेब चुकीचा नाही. चुकते ते पुढे, आणि त्यात आम्हा व्यापाऱ्यांचाही हात आहे.

आम्ही कापडवाले. होडीशी आमचा काय संबंध, असे कुणी विचारील. पण फायबर हेही कापडच आहे. त्यालाही ताणा-बाणा असतो, त्याचेही वजन चौरस मीटरला ग्रॅमवर मोजतात. लहान होडीला साधारण दोनशे ग्रॅमचे विणलेले कापड चालते. बाजारात त्याच्या शेजारीच मॅट मिळते. ती विणलेली नसते. काचेचे तुकडे चिकटवून केलेली असते. ते चिकटवण पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीनने विरघळते. इपॉक्सीत स्टायरीन नसते, म्हणून अशी मॅट ताठच राहते आणि लाकडावर नीट बसत नाही. पॉलिएस्टर स्वस्त खरे, पण लाकडाला त्याची पकड कच्ची. काही काळाने ते सोलून निघते.

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका होडीवाल्याने आम्हाला मुंबईहून "फायबर" आणायला सांगितले. कोणते, कशासाठी, हे आम्ही विचारले नाही. स्वस्त दिसली ती मॅट आणली आणि आपला नफा ठेवून दिली. काम भर पावसात झाले. रंग लावल्यावर होडी नव्या नवरीसारखी दिसत होती. दोन पावसाळे गेले आणि बुडाला टिचकी मारली की पोकळ आवाज येऊ लागला. थर उचलला तर आतले लाकूड नखाने उकरता येत होते. त्या भल्या माणसाने आम्हाला एका शब्दाने विचारले नाही. आजही भेटला की आधी तोच सलाम करतो. त्याने जाब विचारला असता तर बरे झाले असते.

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पाऊस लागला होता, असे विक्रेता म्हणाला. मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. पाऊस पडला हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता. ओल झाकली हा होता. होडीच्या कामाला हा मसला जसाच्या तसा लागू पडतो.

कारण इपॉक्सीचा खरा शत्रू ओल. लाकडात बारा टक्क्यांहून जास्त ओल असेल तर थर देऊ नये. सागवान तेलकट असते, म्हणून ते आधी ॲसिटोनने पुसावे. हार्डनर अंदाजाने नव्हे, कारखान्याने सांगितलेल्या प्रमाणातच घालावा. जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, थर कच्चा राहतो. दमट हवेत वर मेणासारखी साय धरते, ती पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा हात देऊ नये. आतली बाजू आणि फळ्यांची कापलेली टोके उघडी सोडू नयेत. शेवटी रंग हवाच, कारण उन्हाने इपॉक्सी खराब होते. कारागिराला हातमोजे आणि मास्क देणे हीही मालकाची जबाबदारी आहे.

आणखी एक गोष्ट. जुनी फळ्यांची होडी, जिच्या सांध्यांत कापूस भरलेला असतो, ती पाणी पिऊन फुगते आणि सुकून आकसते. तिच्यावर कडक थर दिला तर तो तडकतो आणि आत शिरलेले पाणी कोंडून लाकूड कुजते. अशा गिऱ्हाईकाला माल न विकणे हीच ईमानदारी.

मग लोक पावसात काम का काढतात? यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, लहान होड्याही तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. कोरडे दिवस हिवाळ्याचे, पण तेच कमाईचे. डोक्यावर व्याजाचा हप्ता असलेला माणूस डिसेंबरात तीन आठवडे होडी उभी ठेवू शकत नाही. लाकडातल्या ओलीचे मूळ असे व्याजात आहे.

म्हणून व्यापारी बांधवांना आमच्या तीन विनंत्या आहेत. बिलावर कापडाचा प्रकार, वजन आणि ते कोणत्या रेझिनसाठी आहे हे मराठीत लिहा. ओल्या किंवा अयोग्य होडीसाठी माल मागितला तर स्पष्ट नाही म्हणा. आणि हिवाळ्यात काम काढणाऱ्याला माल उधार द्या. भाव आधी ठरवा, मुदत लिहून घ्या (सूरह बकरहची २८२ वी आयत उधारी लिहून ठेवण्याचाच आदेश देते), पण उशीर झाला म्हणून रक्कम वाढवू नका. पैसे उशिरा येतील. आमच्या दुकानात ही पद्धत सुरू केल्यापासून दोन उधाऱ्या रखडल्या आहेत, हेही सांगितले पाहिजे. तरी ती आम्ही चालू ठेवली आहे.

कापडात खळ भरून ते जाड दाखवणारे आमच्या धंद्यात कमी नाहीत. तिथे पहिल्या धुण्यात फक्त गिऱ्हाईकाचा सदरा विरतो. होडीत त्याची मुले बसलेली असतात. ओल झाकून मिळालेल्या नफ्यापासून अल्लाह आम्हा सर्वांना दूर ठेवो.