बुजविलेले तळे



आमच्या गावचा रस्ता खणून पडला आहे, हे आता कोणास सांगावयास नको. रविवारी मिस्सेला येणाऱ्यांच्या वहाणाच ते सांगतात. ख्रिस्तमंदिराच्या पायऱ्यांवर तांबड्या मातीचे ठसे उमटतात, शाळेची मुले खडीच्या ढिगांवरून उड्या मारीत जातात, आणि मासळीच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या आमच्या भगिनींना मोरीवर टाकलेल्या एका फळीवरून पलीकडे जावे लागते. मृग तोंडावर आला आहे आणि मोरीचे तोंड अजून उघडेच आहे. गेल्या पंधरवड्यात याविषयी आम्हांस तीन पत्रे आली. तिन्हींचा आशय एकच : "फादर, तुम्ही लिहा. संबंधितांना चार खडे बोल सुनावा."

खडे बोल लिहावेत असे आमच्याही मनात होते. परंतु ते लिहिण्यापूर्वी एक गोष्ट कबूल करणे आम्हांस प्राप्त आहे, आणि ती सांगण्यासाठी वाचकांना थोडे दूर, हैदराबाद शहरी न्यावे लागेल.

आपल्या धर्मग्रामातील एक तरुण नोकरीनिमित्त तेथे नल्लकुंटा नावाच्या वस्तीत बिऱ्हाड करून राहतो. त्याच्या पहिल्या बाळाच्या स्नानसंस्कारासाठी आम्ही गेल्या महिन्यात तेथे गेलो होतो. गल्लीत पाऊल ठेवले आणि आम्हांस वाटले, आपण आपल्याच गावी आलो! तेथेही रस्ता खणलेला, तेथेही नळ टाकणे चाललेले, तेथेही एक म्हातारी फळीवरून तोल सांभाळीत चाललेली. आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. कित्येक जुन्या घरांत शिरताना दोन पायऱ्या खाली उतरावे लागते. घर बांधताना कोणी उंबरठा रस्त्याखाली घेत नाही. डांबराच्या थरावर थर चढत गेले, रस्ता वर आला आणि घर होते तेथेच राहिले.

शेजारी एक वयोवृद्ध मराठी गृहस्थ राहतात. त्यांचे घराणे मूळचे नांदेडकडील, निजामाच्या काळी तेथे गेलेले. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे त्या शहरात मराठी घरे पुष्कळ आहेत. त्यांस आम्ही विचारले, "या वस्तीचे नाव असे का?" ते म्हणाले, "फादरसाहेब, तेलुगूत नल्ल म्हणजे काळे आणि कुंटा म्हणजे लहान तळे. आमची वस्ती म्हणजे काळे तळे." आम्ही विचारले, "मग तळे कोठे आहे?" ते हसले आणि पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवून म्हणाले, "नावात आहे. पावसाळ्यात घरात येते."

हे उत्तर त्या रात्री आमच्या मनातून जाईना.

त्या शहराचा इतिहास पाण्याचाच इतिहास आहे. सोळाव्या शतकात कुतुबशाहीच्या काळी हुसेनसागर हा मोठा तलाव बांधला गेला. त्याचे वाढीव पाणी ज्या नाल्याने मुसी नदीकडे जाते, तो नाला या नल्लकुंटा भागाजवळूनच वाहतो. वाटेवर लहानलहान कुंटे होते. पाऊस पडला की ते प्रथम भरत, मग सावकाश पाझरत, आणि पाण्याची घाई मोडून टाकीत. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला, तेव्हा वरच्या अंगाच्या कित्येक तळ्यांचे बांध फुटले आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० माणसे वाचली, असे तेथे सांगतात. पुढच्या वर्षी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्यास शिकलेल्या या अभियंत्याने केवळ नदीकाठी भिंती बांधण्याचा सल्ला दिला नाही. शहराच्या वर पाणी अडवून ठेवा, असे त्यांनी सांगितले. त्यातूनच उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय १९२० आणि १९२७ मध्ये पूर्ण झाले. पाण्याला थांबावयास जागा द्यावी, म्हणजे ते माणसाच्या घरात जागा शोधीत नाही. आणि ती जागा नीट राखावी, म्हणजे बांध फुटत नाही. त्यांच्या सल्ल्याचे सार आम्हांस एवढेच वाटते.

पुढे शहर वाढले आणि हा धडा विसरला गेला. २४ ऑगस्ट २००० रोजी तेथे एका दिवसात सुमारे २४ सेंटीमीटर पाऊस कोसळला, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा तसाच प्रलय झाला. नाल्याकाठच्या वस्त्या बुडाल्या. मग नाले रुंद करण्याच्या, काठाला भिंती घालण्याच्या योजना निघाल्या. ही कामे हवीतच. परंतु काम चालू असतानाची बेफिकिरी किती महाग पडते, तेही त्या शहराने पाहिले आहे. एप्रिल २०२३ मध्ये सिकंदराबादेस पावसात दूध आणावयास निघालेली एक शाळकरी मुलगी उघड्या गटारात पडून गेली. आमच्या गावच्या उघड्या मोरीवर रात्री दिवा नाही. वाचकहो, खडे बोल लिहावयाचे तर आम्ही प्रथम या दिव्याविषयी लिहू.

आता मुख्य गोष्ट. नल्लकुंट्यापासून जवळच, अंबरपेठेत बतुकम्मा कुंटा नावाचे एक तळे आहे. बतुकम्मा हा तेलंगणातील स्त्रियांचा फुलांचा सण. तरवड, कुर्डू, झेंडू अशा फुलांची उतरंड रचून तिच्याभोवती फेर धरावयाचा आणि शेवटी ती पाण्यात सोडावयाची, अशी त्यांची रीत आहे. परंतु ज्या तळ्याला सणाचे नाव, त्या तळ्यातच पाणी उरले नव्हते. कागदोपत्री १४ एकरांहून मोठे असलेले ते तळे इमारतींच्या राडारोड्याने भरत गेले. चोहोबाजूंनी बांधकामे सरकली, झाडेझुडपे वाढली आणि ५ एकरांच्या आसपास जागा उरली. तळे होते की नव्हते, यावरच वाद सुरू झाला. अखेर सरकारी यंत्रणेने फेब्रुवारी २०२५ मध्ये ती जागा खणावयास घेतली, आणि काही फूट खाली जाताच पाणी वर आले! हे फुटलेल्या नळाचे पाणी असावे, असे काही जण म्हणाले. तपासणी झाली तेव्हा ते भूमीतीलच पाणी ठरले. सप्टेंबर २०२५ मध्ये, सणाच्याच दिवसांत, ते तळे लोकांना खुले झाले.

आम्ही त्या तळ्याच्या काठी संध्याकाळी उभे होतो. मुले खेळत होती, म्हातारी माणसे बाकांवर बसली होती. तेथून थोड्याच अंतरावर इंदिरा पार्कपासून निघणारा पोलादी उड्डाणपूल आहे. तो ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला आणि त्याला सुमारे ४५० कोटी रुपये लागले. तळ्याला लागले ते सात कोटींच्या आसपास. पूल नको होता असे आम्ही म्हणत नाही. माणसांना रस्ता हवा, तसा पाण्यालाही हवा, एवढेच मनात आले.

तेथे उभे असताना उत्पत्तीच्या पुस्तकातील २६ व्या अध्यायाची आम्हांस आठवण झाली. अब्राहामाच्या चाकरांनी खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मत्सराने माती टाकून बुजविल्या होत्या. पुढे इसहाकाने त्याच विहिरी पुन्हा खणल्या आणि बापाने त्यांना जी नावे दिली होती तीच नावे पुन्हा दिली. हा भाग आम्ही गुरुविद्यालयात वाचला, नंतर कितीदा तरी शिकविला. परंतु पलिष्टी म्हणजे कोणी परके, दुष्ट लोक, असेच आम्ही आजवर समजत आलो. त्या संध्याकाळी आमचे मन म्हणाले, "फादर, पलिष्टी कोण, हे तुला ठाऊक आहे."

कारण हैदराबादेस निघण्याच्या दोन दिवस आधी रस्त्याच्या कामावरचा मुकादम आमच्याकडे आला होता. तो म्हणाला, "फादर, ख्रिस्तमंदिरामागचे बावखल नाहीतरी कचऱ्याने भरले आहे. जुन्या रस्त्याचा राडारोडा आम्हांला कोठेतरी टाकावाच लागतो. तुमच्या बावखलात टाकतो. पैसा नको. सणाला गाड्या उभ्या करावयास सपाट जागा होईल." आम्ही क्षणभर विचार केला. सणाच्या दिवशी गाड्यांनी होणारी अडचण डोळ्यांपुढे आली. धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाला विचारावे, एवढेही सुचले नाही. आम्ही "बरे" म्हणालो. परत आलो तेव्हा दोन ट्रक माती आणि दगड बावखलात पडले होते.

बावखल म्हणजे काय, हे वसईच्या माणसाला शिकवावे लागू नये. आपल्या पूर्वजांनी वाडीवाडीतून ही लहान तळी खणली. त्यांवर रहाट फिरले, त्यांच्या पाण्यावर पानवेली आणि केळी जगल्या. पावसाचे पाणी त्यांत उतरे, जमिनीत मुरे, आणि समुद्र इतका जवळ असूनही विहिरींचे पाणी गोड राही. मग नळ आले, रहाट थांबले, जमिनीचे भाव चढले, आणि बावखले एकामागून एक बुजत गेली. ती परक्याने बुजविली नाहीत. बहुतेक ठिकाणी सातबारावर आपलीच नावे होती. जुलै २०१८ मध्ये वसई परिसर दिवसचे दिवस पाण्यात होता, गाड्या बंद पडल्या, वीज गेली, तेव्हा आपण सर्वांनी गटारांना आणि कचेऱ्यांना दोष दिला. त्यानंतर मुंबईच्या आयआयटीतील आणि नीरी संस्थेतील तज्ज्ञांनी या भागाचा अभ्यास केला. पाणी धरून ठेवणारे तलाव हवेत, हा त्यांच्याही सूचनांचा एक भाग होता. आपल्या आजोबांनी त्याला बावखल म्हटले होते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. "फादर, बावखलात डास होतात." नल्लकुंट्यात तापाच्या रोग्यांसाठी एक मोठे सरकारी रुग्णालय आहे. लोक त्याला अजून 'कोरंटी दवाखाना' म्हणतात, कारण पूर्वी साथीच्या रोग्यांना तेथे वेगळे ठेवीत. त्या रुग्णालयाला रोनाल्ड रॉस यांचे नाव दिले आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस याच डॉक्टरांनी हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात शोधून काढले. तेव्हा साचलेल्या पाण्याची भीती वाजवीच आहे. परंतु उपाय कोणता? उपसलेल्या, काठ साफ ठेवलेल्या तळ्यात गप्पी मासे सोडले तर ते डासांच्या अळ्या खातात. परसात टाकलेल्या टायरात आणि प्लास्टिकने तुंबलेल्या गटारात मात्र मासा राहत नाही. आपण बावखल बुजवितो आणि टायर ठेवतो!

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात शुद्ध पाणी मिळणे हा माणसाचा मूलभूत हक्क म्हटले आहे, आणि सृष्टीची हानी प्रथम गरिबांनाच भोगावी लागते याकडे लक्ष वेधले आहे. आमच्या बाबतीत तो गरीब कोण? ख्रिस्तमंदिरामागच्या उतारावर एक विधवा भगिनी आपल्या नातवासह राहते. बावखल भरले की त्याचे पाणी तिच्याच दारी जाणार. सणाच्या दिवशी गाड्या सोयीने उभ्या राहाव्यात म्हणून तिची चूल बुडवावयास आम्ही तयार झालो होतो. जाणूनबुजून नव्हे, पण विचार न करणे हेही पाप आहे, असे आम्ही तुम्हांस प्रत्येक प्रायश्चित्तकाळात सांगत आलो आहोत. आम्ही तिच्या घरी जाऊन तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "फादर, मला वाटले तुम्ही विचार करूनच सांगितले असेल." हे शब्द आम्हांस रागावण्यापेक्षा जड गेले.

मुकादमास आम्ही नकार कळविला आहे. त्याने नाराजी दाखविली, पण ऐकले. राहिले ते दोन ट्रक. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही स्वतः घमेले घेऊन बावखलावर जाणार आहोत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी यावे. फावडी आणि टोपल्या आणाव्यात. तरुण मंडळींनी गाळ उपसण्याचे काम अंगावर घ्यावे. आपल्याच वसईत काही तरुणांनी श्रमदानाने बावखले साफ केलेली आहेत, तेव्हा ही गोष्ट अशक्य नाही.

आणि रस्त्याविषयी? रस्ता आपणांस हवाच. आजाऱ्याला गाडीतून नेता यावे, मुलांनी कोरड्या पायांनी शाळेत जावे. म्हणून सोमवारी सल्लागार मंडळातील चौघे आमच्यासह संबंधित कचेरीत जातील आणि तीन मागण्या लेखी देतील : मोरीवर रात्री दिवा आणि कठडा असावा, नवा थर घालण्यापूर्वी जुना थर खरवडून काढावा, म्हणजे रस्ता आपल्या उंबरठ्यांच्या वर जाणार नाही, आणि मोरीचे तोंड पूर्वीच्या दगडी मोरीहून लहान नसावे. जुन्या मोरीचे माप आपल्यातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. त्यांनी ते शनिवारपर्यंत आम्हांस सांगावे.

तळे राखील तो पाणी चाखील, ही म्हण आपण नेहमी दुसऱ्यावर संशय घेण्यासाठी वापरतो. यापुढे ती सरळ अर्थाने घेऊ या. राखणे आपल्या हाती आहे. पाणी देणारा प्रभू आहे.

रविवारी भेटूच. जुनी वहाण घालून या.