मागचे ब्रेक पॅड बदलायला बसण्यापूर्वी

गाडीचे मागचे ब्रेक पॅड घरच्या घरी बदलता येतात. सपाट, पक्की जागा, बऱ्यापैकी हत्यारं आणि अर्ध्या दिवसाची सवड असली, तर पाना धरायची सवय असलेल्या कुणालाही हे काम जमण्यासारखं आहे. अडचण एवढीच, की हे काम शिकवणारे बहुतेक जण पुढच्या चाकाचं दाखवतात आणि ‘मागचंही तसंच’ म्हणून पुढे जातात. मागचं तसंच नसतं. मागच्या ब्रेकवर हँडब्रेकची जबाबदारी असते आणि त्या एका कारणाने गाडी उचलण्यापासून पिस्टन आत बसवण्यापर्यंत सगळी रीत बदलते. म्हणून कळकळीचं सांगणं असं, की काम स्वतः जरूर करा, पण पहिला नट सैल करण्याआधी आपल्या गाडीचा मागचा ब्रेक कोणत्या प्रकारचा आहे ते नक्की ओळखा.

आधी ओळख

पहिला प्रश्न म्हणजे मागे पॅड आहेत तरी का? अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट अशा आपल्याकडच्या नेहमीच्या लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रमच्या आत पॅड नसून ब्रेक शू असतात, ज्यांना गॅरेजमध्ये सरसकट लायनर म्हणतात. त्यांच्या स्प्रिंगा, ॲडजस्टर यांचं काम अगदी वेगळं आहे आणि इथलं काही त्याला लागू करू नका. चाकाच्या फटीतून चकचकीत तबकडी आणि तिला कवेत घेणारा कॅलिपर दिसला तर डिस्क. बंद लोखंडी ड्रमच दिसला, तर हे काम तुमच्या गाडीचं नव्हे. एक्सयूव्ही ७००, ग्रँड व्हिटारा यांसारख्या गाड्यांना मागेही डिस्क येते. बऱ्याच मॉडेलमध्ये मात्र खालच्या व्हेरियंटला ड्रम आणि वरच्याला डिस्क असते, त्यामुळे शेजाऱ्याच्या त्याच नावाच्या गाडीवरून अंदाज बांधू नका.

डिस्क असेल तर दुसरा प्रश्न हँडब्रेकचा. त्याचे मुख्य प्रकार तीन आहेत.

पहिल्या प्रकारात दोन सीटच्या मधला दांडा ओढला, की केबल थेट मागच्या कॅलिपरवरचा लहान लिव्हर ओढते. अशा कॅलिपरच्या पिस्टनमागे स्क्रूची रचना असते. पुढच्या चाकासारखा सी-क्लॅम्प लावून तो सरळ दाबलात, तर आतली यंत्रणा कायमची बिघडू शकते. तो फिरवत फिरवतच आत न्यावा लागतो.

दुसरा प्रकार बटणाच्या हँडब्रेकचा. कॅलिपरच्या पाठीवर छोटी मोटर बसवलेली दिसेल. ही गाडी आधी दुरुस्तीच्या मोडमध्ये न्यावी लागते. काही गाड्यांत बटण आणि पेडल ठरावीक क्रमाने दाबून ते होतं, काहींना स्कॅनरच लागतो. मोटर आवळलेल्या स्थितीत असताना पिस्टन दाबला, तर मोटर आणि तिचे गिअर दोन्ही जातात आणि मग खर्च पॅडच्या कितीतरी पट होतो. तुमच्या गाडीची नेमकी रीत हाती नसेल, तर या प्रकाराला घरी हात लावू नका.

तिसऱ्या प्रकारात डिस्कच्या मधल्या भागातच हँडब्रेकसाठी एक छोटा ड्रम असतो. तिथे कॅलिपरचा पिस्टन साधा असतो आणि सरळ ढकलता येतो.

पॅड बघताना आतला पॅड बघा

पॅड म्हणजे लोखंडी पाटी आणि तिच्यावर चिकटवलेला घासणारा थर. नवा असताना हा थर साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो ३ मिलिमीटरवर आला, की बदलायची वेळ झाली. पुष्कळ पॅडना एक पातळ पत्र्याची जीभ असते. थर संपत आला, की ती डिस्कला टेकते आणि चिरका आवाज येतो. तो आवाज गाणी लावून दाबू नका.

चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. त्याच्यावर भिस्त ठेवू नका. बाहेरचा निम्मा शिल्लक आणि आतला घासून थेट लोखंडाला लागलेला, असं मागच्या चाकांत अनेकदा आढळतं. याचं नेहमीचं कारण म्हणजे कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्या पिना अडकलेल्या असतात. मुंबईची, कोकणाची खारी दमट हवा आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे एकाच जागी उभी राहिलेली गाडी यांनी हे लवकर घडतं. दोन्ही पॅड असे कमीजास्त झिजले असतील, तर नुसते नवे पॅड टाकून प्रश्न मिटणार नाही. पिन साफ करणं हा कामाचा निम्मा भाग समजा.

पॅड नेहमी मागच्या दोन्ही चाकांचे एकदम बदला. एकाच चाकाचे बदलले, तर ब्रेक मारताना दोन बाजूंची पकड सारखी राहत नाही. घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि व्हेरियंट सांगून, पक्क्या बिलावर, खात्रीच्या दुकानातून घ्या. नकली पार्टचा सुळसुळाट आहे आणि ब्रेकच्या बाबतीत शे-दोनशे रुपये वाचवणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

गाडी उचलताना

या कामातला सगळ्यात मोठा धोका ब्रेकचा नसून गाडी अंगावर येण्याचा आहे. एरवी गाडी जागेवर धरून ठेवायला आपण हँडब्रेक ओढतो. पहिल्या दोन प्रकारांत मात्र तो सोडावाच लागतो, कारण ओढलेला असताना मागचे पॅड सुटत नाहीत आणि पिस्टनही आत जात नाही. म्हणजे आपण गाडीचा मागचा भाग उचलतो आणि नेमकी तिला धरून ठेवणारी गोष्ट काढून घेतो.

त्यामुळे जागा पूर्ण सपाट आणि पक्की हवी. उतार, माती, पेव्हर ब्लॉकची हलणारी जमीन चालणार नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे घट्ट लावा. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जात असेल, तर गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर ठेवा. ताकद मागच्या चाकांना जाणारी गाडी असेल, तर मागचं चाक उचलल्यावर गिअर गाडीला धरत नाही. तिथे सगळा भार ठोकळ्यांवर असतो हे विसरू नका.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचला आणि लगेच जॅक स्टँडवर टेकवा. गाडीसोबत मिळालेला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीच्या बाजूला हात घालून काम करायचं नाही. विटा, दगड, रचलेली लाकडं यांवर तर नाहीच नाही. जॅक स्टँड नसतील, तर आज काम करू नका. आधी ते आणा.

काम

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली, की कोणती पट्टी कुठे होती हे बघायला नमुना समोर असतो. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा.

ब्रेकची काळी धूळ फुंकू नका, हवेचा पाइपही मारू नका. जुन्या किंवा स्वस्तातल्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसांचं कायमचं नुकसान करतो. मास्क लावा आणि ब्रेक क्लीनरचा फवारा मारून धूळ ओली करूनच पुसा.

बोल्ट काढून कॅलिपर उचलला, की तो ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत सोडू नका. तारेने वर स्प्रिंगला बांधून ठेवा. आतून ताणलेला पाइप बाहेरून धडधाकट दिसतो आणि पुढे कधीतरी दगा देतो.

आता डिस्क नीट बघा. तिच्यावर कमीत कमी जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. जाडी त्याच्या खाली गेली असेल, खोल चरे पडले असतील किंवा तडा दिसत असेल, तर नवे पॅड टाकूनही उपयोग नाही, डिस्कच बदलायला हवी.

पिस्टन आत नेण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण सैल करा आणि पातळीवर लक्ष ठेवा. पिस्टन आत जाईल तसं ऑइल वर चढतं. मधे कुणी भर घातली असेल तर ते ओसंडतं आणि गाडीचा रंग खातं. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

केबलच्या हँडब्रेकच्या पिस्टनचं तोंड बघितलंत, तर त्यावर आडव्याउभ्या खाचा दिसतील. त्या खाचांत बसणारं हत्यार लावून, हलका दाब देत पिस्टन फिरवायचा. बहुतेक गाड्यांत तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आत जातो, पण काहींत एका बाजूची दिशा उलटी असते. जोर लावूनही हलत नसेल, तर आणखी जोर न लावता दिशा तपासा. शिवाय नव्या आतल्या पॅडच्या पाठीवर एक बारीक उंचवटा असतो का पाहा. तो पिस्टनच्या खाचेत बसला पाहिजे. तो खाचेबाहेर राहिला, तर पॅड तिरका बसतो, एकीकडून झिजतो आणि ब्रेक डिस्कला चिकटून राहतो. पिस्टन शेवटी किंचित पुढेमागे फिरवून खाच जागेवर आणायला एक मिनिट लागतं. ते मिनिट द्या.

पिना काढून पुसा आणि त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा. गॅरेजमधल्या डब्यातलं साधं ग्रीस त्यांच्या रबराला फुगवतं. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला आणि डिस्कला ग्रीस, ऑइल किंवा तेलकट हात लागता कामा नये. पॅडवर ऑइल मुरलं असेल, तर तो पुसून वापरू नका, टाकून द्या. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळा. कॅलिपरच्या पिनांचे बोल्ट बारीक असतात आणि अंगाच्या जोराने आवळले, तर आटे जातात.

पेडल दाबल्याशिवाय गाडी हलवू नका

पिस्टन आत ढकलला, की पॅड आणि डिस्क यांच्यात फट राहते. त्या अवस्थेत पहिल्यांदा ब्रेक दाबला, तर पेडल सरळ तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. काम नीट करूनही पार्किंगच्या भिंतीवर गाडी आदळते ती याच कारणाने. म्हणून दोन्ही बाजू झाल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, पेडल टणक लागेपर्यंत सावकाश दाबत राहा. बटणाचा हँडब्रेक असेल तर दुरुस्तीचा मोड बंद करा. दांड्याचा असेल तर काही वेळा ओढून-सोडून बघा. ऑइलची पातळी पाहून झाकण घट्ट लावा. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने पक्के करा.

पहिली चाचणी आवारातच, माणसाच्या चालीने. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवा, मधे थोडं चालवून ब्रेक थंड होऊ द्या आणि असं आठ-दहा वेळा करा. यातून नवा पॅड डिस्कशी जुळतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका आणि या काळात घाट टाळा.

पेडल स्पंजासारखं लागत असेल, पिस्टनच्या रबरातून ऑइल झिरपत असेल, पिस्टन आत जातच नसेल किंवा डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा पेटलेला राहत असेल, तर तिथेच थांबा. मेकॅनिकला घरी बोलवा. ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका.

स्वतः करणार नसाल तरी

हे सगळं वाचून आपल्याच्याने होणार नाही असं वाटलं, तर तो निर्णयही शहाणपणाचाच आहे. मात्र गाडी सोडून घरी येऊ नका. काढलेले चारही पॅड दाखवायला सांगा. आतला आणि बाहेरचा सारखा झिजला आहे का बघा. पिना काढून साफ केल्या का आणि केबलचा हँडब्रेक असेल तर पिस्टन फिरवून बसवला का, हे सरळ विचारा. चांगल्या फिटरला अशा प्रश्नांचा राग येत नाही. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं तेही विचारा. ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पण ओलावा मुरल्यावर ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये ऑइल उकळून वाफ झाली, की पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलावं.

गणपतीला कोकणात जाताना गाडीत पाच माणसं असतात, डिकी भरलेली असते आणि वाटेत घाट असतो. एरवी ब्रेकचा मोठा भार पुढची चाकं उचलतात. भरल्या गाडीत मागच्या चाकांवर वजन येतं आणि मागच्या ब्रेकचा वाटाही वाढतो. तेव्हा निघायच्या आदल्या रात्री काही करू नका. दोन-तीन आठवडे आधीच एखादा दिवस काढा, मागची चाकं उतरवून आतले पॅड बघा किंवा कुणाकडून बघून घ्या. थर ३ मिलिमीटरवर आला असेल तर लगेच बदला, म्हणजे नवे पॅड जुळायला वेळही मिळेल. घाटात खालच्या गिअरमध्येच उतरा आणि नवे पॅड टाकले म्हणून वेग वाढवू नका.